ऑनलाइन वर्गात मुलांशी ओळख कशी वाढवायची: नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी

ऑनलाइन शिकवायला सुरुवात केली की पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एक गोष्ट खुपते, आपण बोलतोय खरं पण समोर कोणी आहे की नाही तेच कळत नाही. स्क्रीनवर तीस-चाळीस काळे चौकोन, निम्म्यांवर नाव नाही, एकावर "पप्पांचा फोन", एकावर नुसतंच "रेडमी". आपण विचारतो "कळलं का?" आणि चॅटमध्ये चार जण "यस मॅडम" टाकतात, बाकी शांतता. मग वाटायला लागतं की मुलांना शिकायचंच नाहीये. मलाही तसंच वाटायचं आणि त्या नादात मी कित्येक महिने भलतीकडेच मेहनत घेतली, स्लाइड अजून रंगीत केल्या, व्हिडिओ घातले, दर दहा मिनिटांनी क्विझ लावली. मुलं थोडी जागी झाली पण जवळ काही आली नाहीत.

नंतर हळूहळू लक्षात आलं की समोरासमोरच्या वर्गात तरी ओळख तासात कुठे होते, ती तासाच्या कडेकडेने होते. दारातून आत येताना, फळा पुसताना, वही बघायला बाकापाशी वाकल्यावर, आणि तास संपला तरी उगाच टेबलापाशी रेंगाळणाऱ्या मुलाशी. ऑनलाइन मध्ये लिंक उघडली की तास सुरू आणि एंड दाबलं की सगळे एका क्षणात गायब, म्हणजे त्या कडाच कापल्या जातात. आणि मुलांची आपसातली ओळख तर पूर्णच त्या कडांवर अवलंबून असते, डबा, खिडकीजवळची जागा, शेजारच्याची वही. म्हणून खाली जे काही सांगतेय ते सगळं त्या कडा परत कशा जोडायच्या याबद्दल आहे. शाळेतली मुलं असोत नाहीतर नोकरी करून शिकणारे मोठे लोक, दोघांनाही चालतं, थोडाफार बदल करावा लागतो एवढंच.

पायरी १: पहिल्या तासाच्या आधीच विचारून ठेवा

वर्ग सुरू व्हायच्या तीन-चार दिवस आधी प्रत्येकाला एक छोटा फॉर्म पाठवा. मी चारच प्रश्न ठेवते. तुला कुठल्या नावाने हाक मारू? तास कशावर बघणार, फोन की लॅपटॉप, आणि तो तुझा एकट्याचा आहे की घरात वाटून घ्यावा लागतो? या विषयातलं काय अवघड वाटतं? आणि शेवटचा, मला माहीत असायला हवं असं काही आहे का, सांगावंसं वाटलं तरच सांग. यापेक्षा जास्त विचारू नका, छंद-आवडता रंग वगैरे तर अजिबात नको, मुलं कंटाळून काहीतरी टाकून मोकळी होतात आणि आपणही ते परत वाचत नाही.

उत्तरं आली की ती वापरायची, खरं काम ते आहे. एका मुलाने लिहिलं होतं "फोन दादाचा आहे, तो ११ वाजता कामावर जाताना घेऊन जातो". तास साडेदहा ते साडेअकरा. मी दुसरं काही केलं नाही, फक्त सगळे प्रश्न-शंका तासाच्या पहिल्या अर्ध्या भागात घ्यायला लागले आणि नंतरचा भाग रेकॉर्ड करून ठेवायचे. त्याला मी हे सांगितलंही नव्हतं, पण दुसऱ्या आठवड्यात त्याने आपणहून मेसेज केला की मॅडम आता मला विचारता येतं. आपण सांगितलेलं कोणीतरी वाचलं हे मुलाला कळलं ना, की पुढची निम्मी वाट सोपी होते.

दूरशिक्षणाचा अभ्यास करणारे मायकल मूर यांनी हे फार आधीच मांडून ठेवलंय, की दूर शिकण्यातलं अंतर नुसतं किलोमीटरचं नसतं, समजण्याचं आणि संवादाचं असतं. म्हणजे एकाच खोलीत बसूनही ते जास्त असू शकतं आणि दोन देशांत बसूनही कमी करता येतं. मला हा विचार रोज उपयोगी पडतो, कारण त्यातून कळतं की अंतर कमी करणं नेटच्या स्पीडवर नाही, आपल्या हातात आहे.

पायरी २: दहा मिनिटं आधी या, दहा मिनिटं नंतर थांबा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

तासाच्या दहा मिनिटं आधी लिंक उघडून बसा, वेटिंग रूम लावून मुलांना बाहेर ताटकळत ठेवू नका, येईल त्याला आत घ्या. नावाने "आलास का, ये" म्हणा आणि मग काहीही साधं बोला, पण तासाचं नको. सुरुवातीला मुलं लाजतात, म्यूटवरच बसतात, त्यांना बसू द्या. तुम्ही तुमची वही उघडताय, पाणी पिताय, हे दिसलं तरी पुरे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दोन-तीन जण नेमाने आधी यायला लागतात आणि ती आपसात बोलतात, तुमच्याशी नाही. तेव्हा मध्ये पडू नका, ऐकत बसा.

आणि तास संपला की "मी अजून दहा मिनिटं इथेच आहे, कोणाला थांबायचं असेल तर थांबा, नाहीतर निघा" असं रोज म्हणायचं, रोज म्हणजे रोज. मी सुरू केलं तेव्हा जवळपास दोन आठवडे कोणीच थांबलं नाही, मी एकटीच स्क्रीनसमोर. तिसऱ्या आठवड्यात सगळे गेल्यावर एक चौकोन उरला, कॅमेरा बंद, माइक बंद. मला वाटलं नेट अडकलं असेल. मी काही बोलले नाही, पेपर तपासत बसले. चार-पाच मिनिटांनी माइकचं चिन्ह हललं आणि एक बारीक आवाज आला, "मॅडम, तुम्ही अजून आहात?" म्हटलं आहे की. मग परत शांतता आणि मग ती म्हणाली की अपूर्णांकांचा भागाकार करताना उलटं का करायचं ते मला पाचवीपासून कळलेलं नाही, आता विचारायची लाज वाटते. ती तेव्हा आठवीत होती. आम्ही वीस मिनिटं बसलो, कागदाच्या पट्ट्या फाडून अर्ध्यात पाव किती वेळा बसतो ते तिने कॅमेरा चालू करून मला दाखवलं, चेहरा नाही, नुसते हात आणि पट्ट्या. तिचा कॅमेरा मी पहिल्यांदा तेव्हा चालू झालेला बघितला.

तीन वर्षं न विचारलेला तो प्रश्न चाळीस जणांसमोर कधीच आला नसता. त्यासाठी रिकामा वेळच लागतो.

पायरी ३: नावं

पहिल्या तासाला सगळ्यांना स्क्रीनवरचं नाव बदलायला लावा, कसं बदलायचं ते स्वतः करून दाखवा कारण फोनवर ते बटण कुठेतरी आत लपलेलं असतं. आडनाव नको, हाक मारायचं नाव टाका म्हणावं.

माझी एक चूक सांगते. एका मुलीच्या चौकोनावर जे नाव दिसायचं त्याच नावाने मी तिला महिनाभर हाक मारत होते. ते तिच्या आईचं नाव होतं, फोन आईचा होता. फॉर्ममध्ये तिने स्वतःचं नाव नीट लिहिलेलं होतं, मी ते जुळवून बघितलंच नाही, आणि तीही बिचारी दरवेळी "हो मॅडम" म्हणायची कारण शिक्षकांना कसं सांगणार. कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. पुढच्या तासाला सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि तेव्हापासून एक वही ठेवलीये, प्रत्येकाला एक पान, वर नाव आणि उच्चार, खाली तारीख टाकून एकेक ओळ. "आज पहिल्यांदा माइक उघडला." "आजोबा दवाखान्यात." "ग्राफ छान काढला." तासानंतर तीन मिनिटं लागतात लिहायला. पुढच्या तासाच्या आधी त्यातली दोन-तीन पानं चाळायची आणि त्या मुलांना त्याबद्दल काहीतरी विचारायचं, एवढंच. फक्त घरच्या गोष्टी सगळ्यांसमोर विचारू नका, त्या वेगळ्या मेसेजवर.

पायरी ४: प्रश्न विचारून गप्प बसा

हे ऐकायला सोपं आहे आणि करायला महाकठीण. मेरी बड रो नावाच्या संशोधक होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण १ सेकंदच थांबतात आणि मग स्वतः बोलतात नाहीतर दुसऱ्याला विचारतात. तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांब होतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. आणि हे समोरासमोरच्या वर्गात हं. ऑनलाइन मध्ये आवाज पोचायला उशीर, मग मुलाने उत्तर मनात जुळवायचं, मग म्यूट काढायचं, त्यात घरात कोणी बोलत असेल तर त्यांना गप्प करायचं. ३ सेकंदांत काय होणार, कमीत कमी १० मोजा.

शांतता आपल्याला इतकी टोचते यालाही कारण आहे. साध्या गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी ०.२ सेकंद लागतात, दहा वेगवेगळ्या भाषांचा अभ्यास करून २००९ मध्ये हे मांडलं गेलं. आपला कान त्याला सरावलेला असतो, म्हणून व्हिडिओ कॉलवर एवढासा उशीर झाला तरी मनात येतं की समोरच्याला बोलायचं नाहीये किंवा त्याला राग आलाय. खरं तर बिचारं नेट उशीर करत असतं. हे मुलांनाही सांगून टाका, "मी विचारून गप्प बसले तर घाबरू नका, मी वाट बघतेय".

अजून एक, "कळलं का?" हा प्रश्नच सोडून द्या, त्याला "हो" शिवाय उत्तर नाही. त्याऐवजी असं करा की प्रश्न द्यायचा, सगळ्यांनी चॅटमध्ये उत्तर टाइप करायचं पण सेंड कोणी करायचं नाही, मिनिटभराने "तीन" म्हटलं की सगळ्यांनी एकदम सेंड. धबाधब उत्तरं पडतात, कोणी कोणाचं बघून लिहिलेलं नसतं आणि चुकलेला एकटा पडत नाही. मग त्यातली तीन-चार उत्तरं नाव घेऊन वाचा, चुकीचंही घ्या पण "हा विचार कुठून आला असेल बघा" असं म्हणून घ्या.

पायरी ५: कॅमेऱ्यावरून भांडू नका

माझं स्पष्ट मत आहे, कॅमेरा सक्तीचा करू नये. मागे घरातली माणसं वावरत असतात, एकाच खोलीत सगळे असतात, डेटा संपत असतो, कोणाला स्वतःचा चेहरा सगळ्यांना दाखवायचाच नसतो. हजेरी कापायची धमकी देऊन चेहरे दिसतील पण त्या चेहऱ्यांमागची मुलं अजूनच लांब जातील. शिवाय कॅमेरा थकवतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची चार कारणं मांडली: सतत इतक्या जवळून सगळ्यांची नजर आपल्यावर असल्यासारखं वाटणं, सतत स्वतःचाच चेहरा दिसणं, एका जागी खिळून बसावं लागणं, आणि हावभाव पोचवायला-समजून घ्यायला डोक्याला पडणारा जास्तीचा ताण. झूममध्ये स्वतःचा चौकोन आपल्यापुरता लपवता येतो, ते मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा, बऱ्याच जणांचा कॅमेरा त्यानंतर सुरू होतो.

तुमचा मात्र चालूच ठेवा. आणि महत्त्वाचं काही सांगताना स्क्रीनवर नाही, लेन्सकडे बघा. मी लेन्सच्या बाजूला एक छोटा ठिपका चिकटवलाय.

पायरी ६: मुलांची मुलांशी गाठ घालून द्या

इथे बहुतेक नवीन शिक्षक कमी पडतात, कारण आपलं सगळं लक्ष मुलांचं आपल्याशी कसं जुळेल याकडे असतं. पण तासाला यायचं की नाही हे मूल ठरवतं तेव्हा "माझा मित्र तिथे आहे" हे कारण तुमच्या शिकवण्यापेक्षा मोठं असतं, वाईट वाटून घेऊ नका.

ब्रेकआउट रूम, म्हणजे वर्गाचे छोटे गट करून त्यांना वेगवेगळ्या ऑनलाइन खोल्यांत पाठवायची सोय, ती वापरताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे दरवेळी रँडम गट. अनोळखी चार जण पाच मिनिटांसाठी एका खोलीत, काय बोलणार ते, चौघंही म्यूटवर बसतात आणि परत येतात. त्यापेक्षा चार-चार जणांचे गट तुम्ही विचार करून पाडा आणि निदान महिनाभर तेच ठेवा. एक बोलका, एक अभ्यासात पुढे, एक गप्प, असं. दोन अगदी गप्प मुलं एका गटात चालतात बरं का, कधीकधी ती एकमेकांशीच बोलायला लागतात. आत पाठवायच्या आधी तीन गोष्टी पक्क्या सांगा: काय करायचंय, किती वेळात, आणि परत येऊन कोण बोलणार. "चर्चा करा" हे काम होत नाही. "या तीन उदाहरणांतलं कुठलं चुकलंय आणि कुठल्या ओळीत, ते शोधून आणा, बोलणार तो ज्याचा वाढदिवस सगळ्यात जवळ आहे" हे काम होतं. शिवाय वाढदिवस कधी ते विचारता विचारता म्यूट निघतो.

गटाला खरोखर एकमेकांची गरज पडेल असं काम हवं असेल तर जिगसॉ करून बघा. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये ही पद्धत आणली, तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि फार तणाव होता. धडा चार तुकड्यांत वाटायचा, प्रत्येकाकडे एकच तुकडा, आणि बाकीचे तीन तुकडे मित्रांकडूनच समजून घ्यायचे. म्हणजे ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं त्याचंही ऐकावंच लागतं. ऑनलाइन मध्ये हे छान जमतं, प्रत्येकाला वेगळं पान आदल्या दिवशी पाठवायचं. फक्त एक जण गैरहजर राहिला तर गट अडतो, म्हणून प्रत्येक तुकड्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

तुम्ही रूममध्ये शिरलात की बोलणं थांबतं, हे होणारच. आत जाताच "मी दोन मिनिटं ऐकायला आलेय, चालू द्या" म्हणा आणि खरंच गप्प रहा.

पायरी ७: गृहपाठाला आवाजात उत्तर द्या

"गुड", "व्हेरी गुड", अंगठा, यातून काहीच पोचत नाही. आठवड्याला पाच-सहा मुलं निवडा आणि त्यांना तीस-चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज पाठवा, त्यात त्यांच्याच वहीतली एखादी ओळ घेऊन बोला. "तिसऱ्या गणितात तू आधी वजाबाकी केलीस आणि मग खोडलंस ना, ते खोडलेलंच बरोबर होतं बघ." दीड-दोन महिन्यांत सगळा वर्ग फिरून होतो. लिहिण्यापेक्षा वेळही कमी लागतो. आणि मुलांनी तोच मेसेज घरी सगळ्यांना ऐकवलाय असं मला पालकांकडून कितीदा तरी कळलंय.

पायरी ८: दिसेनासं झालेलं मूल

लागोपाठ दोन तास चुकले की मेसेज करा, तिसऱ्याची वाट बघू नका. ग्रुपवर नाही, वेगळा. "का आला नाहीस?" असं लिहिलं की मूल कारणं शोधायला लागतं आणि कारण नसलं की अजूनच लपतं. मी साधारण असं लिहिते: "दोन दिवस दिसला नाहीस, आठवण आली. काय शिकवलं ते दोन ओळींत खाली लिहिलंय. जमेल तेव्हा ये, मागे पडलेलं आपण तासानंतर बघू." खाली प्रश्नचिन्ह नाही. उत्तर आलं नाही तर आठवडाभराने घरी फोन, तक्रार म्हणून नाही तर विचारपूस म्हणून.

आणि परत आलं की सगळ्यांसमोर "वा, आज उगवला सूर्य" वगैरे म्हणू नका. नाव घेऊन "ये" म्हणा, बस.

थोडं मर्यादांबद्दलही

जवळीक म्हणजे चोवीस तास उपलब्ध असणं नाही. मेसेजला उत्तर द्यायची वेळ ठरवा आणि ती सगळ्यांना सांगा. लहान मुलांशी वेगळं बोलायचं असेल तर पालकांना किंवा शाळेला माहीत असू द्या आणि शाळेने ठरवलेल्या अॅपवरच बोला. रेकॉर्डिंग चालू असेल तर आधी सांगा, आणि तासानंतरची ती दहा मिनिटं कधीच रेकॉर्ड करू नका.

विद्यार्थी वाचत असतील तर तुमच्यासाठी एवढंच, तासाला आल्यावर चॅटमध्ये नाव घेऊन नमस्कार करा आणि एखाद्या मित्राच्या उत्तराला "मला पण असंच वाटलं" एवढं तरी लिहा. शिक्षकही त्या काळ्या चौकोनांसमोर एकटेच असतात.

शेवटचा तास

शेवटच्या दिवशी नवीन काही शिकवू नका. प्रत्येकाने वर्गातल्या कोणत्यातरी एकाचं नाव घेऊन लिहायचं की त्याची मला काय मदत झाली, परत तेच, टाइप करा पण तीन म्हटल्याशिवाय सेंड नको. आधी यादी वाटून द्या म्हणजे कोणाचंच नाव राहणार नाही. मागच्या वेळी मी हे केलं तेव्हा आईच्या नावाने मी जिला हाक मारायचे तिच्याबद्दल तिच्या गटातल्या मुलाने लिहिलं होतं की "हिने मला माझं पान तीनदा समजावलं, एकदा पण ओरडली नाही". ती काही बोलली नाही, पण तिने कॅमेरा चालू केला.

मग निरोप घ्या आणि एंड फॉर ऑल दाबू नका. मुलांना एकेक करून जाऊ द्या, कोणी रेंगाळेल, कोणी जाऊन परत येईल, बसून रहा, शेवटचा चौकोन गेला की मग बंद करा.